नाताळची जुनी कार्डं सापडली, आता पुढे काय?

कमानिया गेटचं 'व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं' पोस्टकार्ड कुणी विकायला काढलं, तर पैसे खिशातच राहू द्या. जबलपूरच्या सराफा-बडा फुहारा भागातली ही कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाच्या स्मरणार्थ उभारली गेली. राणी त्याच्या अडतीस वर्षं आधी, १९०१ मध्येच वारली होती. गेटच्या चित्रावर बेधडक 'एकोणिसावं शतक' असं लिहून पैसे मागणारा विक्रेता एक तर अडाणी आहे, नाही तर समोरच्याला अडाणी समजतो आहे.

नाताळ जवळ आला की वाचकांचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. आजोबांच्या ट्रंकेत कार्डांचा गठ्ठा निघाला, तो किती जुना? विकला तर किती येतील? तिकिटं काढून घेतली तर चालेल का? ऑस्ट्रेलियातल्या मावशीकडे पाठवायला कायद्याची आडकाठी आहे का? या सगळ्याची उत्तरं बहुतेक कार्डाच्या पाठीवरच असतात. पण कार्ड हातात आलं की आपण चित्र पाहत बसतो.

हिंदू मराठी घरात नाताळची कार्डं कशी, असंही काहींना वाटतं. जबलपुरापुरतं बोलायचं तर त्यात नवल नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती आणि जबलपूर त्याच प्रांतातलं मोठं शहर. कचेऱ्या, शाळा, रेल्वे, १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी अशा ठिकाणी मराठी माणसं नोकरीला होती. वरचा साहेब इंग्रज, शेजारचा गार्ड अँग्लो-इंडियन, मुलींच्या शाळेत सिस्टर. दिवाळीला फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं आणि डिसेंबरात त्यांच्याकडून कार्ड यायचं. नगरच्या मिशन कंपाउंडातली किंवा वसईची मराठी ख्रिस्ती कुटुंबं तर नाताळची पत्रं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवत आली आहेत.

जबलपूर आणि नाताळची डाक

इथे थोडा इतिहास लागतो, कारण त्यावाचून शिक्क्यांचा अर्थ लागत नाही. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या. सुएझचा कालवा त्याच्या चारच महिने आधी खुला झाला होता. विलायतेहून पी अँड ओ कंपनीच्या बोटीने मुंबईला उतरलेली कलकत्त्याची डाक आता जबलपूरमार्गे सलग रेल्वेने जाऊ लागली. बोटीवरच 'सी पोस्ट ऑफिस' असे. तिथले कारकून डुलत्या बोटीत पत्रांची वर्गवारी करून ठेवत, म्हणजे मुंबईला थैल्या थेट गाडीत चढत. ही सोय १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. एक मुंबई-हावडा मेल आजही जबलपूरवरून धावते.

बोट आणि गाडी मिळून दोन-तीन आठवडे सहज जात. त्यामुळे विलायतेला नाताळात पोचायचं कार्ड इथून नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीलाच पेटीत पडायला हवं. तुमच्या कार्डावर 'मेरी ख्रिसमस' छापलेलं आहे आणि शिक्का मात्र २६ नोव्हेंबरचा, असं दिसलं तर ते बनावट समजू नका. उलट परदेशी पाठवलेल्या कार्डावर २२ डिसेंबरचा शिक्का दिसला, तर एक तर ते उशिरा पोचलं किंवा ते विमानडाकेच्या काळातलं आहे. इंग्लंड ते कराची ही नियमित विमानडाक १९२९ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये जेआरडी टाटांनी ती कराचीहून मुंबईच्या जुहूपर्यंत आणली.

पहिली पायरी : कार्ड उलटं करा

गठ्ठा सोडवलात की चित्रांप्रमाणे लावत बसू नका. सगळी कार्डं पालथी मांडा आणि पाठीवर पुढच्या गोष्टी शोधा.

- मधली रेघ आहे का? सुरुवातीच्या चित्रकार्डांवर पाठीमागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर चित्राच्या कडेला कोंबून लिहावा लागे. पाठीचे दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहायला ब्रिटनने १९०२ मध्ये, जर्मनीने १९०५ मध्ये आणि अमेरिकेने १९०७ मध्ये परवानगी दिली. रेघ नसलेलं इंग्लिश किंवा जर्मन कार्ड बहुधा त्याआधीचं असतं.
- कुठे छापलं? जर्मनी, सॅक्सनी किंवा बव्हेरिया असं बारीक अक्षरात असेल तर ते साधारणपणे ऑगस्ट १९१४ पूर्वीचं. उत्तम रंगीत छपाई तेव्हा तिथेच होत असे. महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश बाजारातला तो माल थांबला.
- तिकिटावर कोण आहे? सातव्या एडवर्डची भारतीय तिकिटं १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ पासून, सहाव्या जॉर्जची १९३७ पासून. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं. लक्षात घ्या, तिकिटामुळे 'यापेक्षा जुनं नाही' एवढंच ठरतं. जुनी तिकिटं पुढेही वापरली जात.
- पैसे कोणते? आणे असतील तर १९५७ पूर्वीचं, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधलं.
- पत्त्यात पिन आहे का? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे नामांकित पंडित. ४८२ ने सुरू होणारा जबलपूरचा पिन लिहिलेलं कार्ड 'ब्रिटिशकालीन' असूच शकत नाही.
- शिक्क्यात गावाचं इंग्रजी नाव कसं आहे? शेवट 'पूर'ऐवजी 'पोर' असा असेल, तर कार्ड बहुधा स्वातंत्र्यापूर्वीचं.

शिक्का पुसट असेल तर तो ओल्या बोटाने चोळून 'स्पष्ट' करायला जाऊ नका. मोबाइलच्या दिव्याचा झोत कडेने, तिरपा पाडा. सपाट उजेडात न दिसणारे आकडे अशा वेळी बऱ्याचदा वाचता येतात.

अस्सल की पुनर्मुद्रण?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कमानिया गेटच्या परिसरात राहणाऱ्यांना तर दोन्ही साधनं हाकेच्या अंतरावर आहेत.

पहिलं, सराफ डोळ्याला लावतो ते दहापट भिंग. त्यातून चित्राचा रंगीत भाग बघा. जुन्या दगडछपाईत रंगाचे ठिपके अनियमित, विस्कटलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ते ओळीने, ठरावीक नक्षीत बसलेले असतात. ठिपका अजिबात नाही, करड्या-तपकिरी छटा सलग वितळत गेल्या आहेत असं दिसलं, तर तो खरा फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला आहे. असं कार्ड बाजूला काढा. त्याच्या गडद भागावर तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसली तर वय खरं असण्याची शक्यता आणखी वाढते.

दुसरं, नोटा तपासायचा जांभळा दिवा. कापडाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात गल्ल्याजवळ तो असतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० च्या सुमारास रुळली. 'एडवर्डच्या काळातलं' कार्ड त्या दिव्याखाली निळसर पांढरं उजळलं, की विषय संपला. मात्र उजळलं नाही म्हणून ते अस्सलच, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

कोणत्या कार्डाला भाव, कोणत्याला नाही

इथे वाचकांची सर्वांत मोठी निराशा होते. हॉलीची पानं, बर्फातलं चर्च, लाल झग्यातला सांता, सोनेरी ठसा असलेली देखणी विलायती कार्डं त्या काळी लाखांनी छापली गेली आणि लाखांनी शिल्लक आहेत. सर हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये लंडनमध्ये चित्रकार जॉन हॉर्सलीकडून करून घेतलेलं, शिलिंगला एक याप्रमाणे विकलेलं पहिलं नाताळकार्ड तुमच्या ट्रंकेत निघण्याची आशा धरू नका. त्याच्या जेमतेम हजारेक प्रतीच निघाल्या होत्या. राफाएल टक अँड सन्स हे नाव पाठीवर दिसलं की अनेकांचे डोळे चमकतात. कंपनी मोठीच होती. तिची लंडनची इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बाँबवर्षावात जळाली, त्यामुळे जुन्या नोंदी गेल्या, पण कार्डं जगभर पसरलेली होतीच. नुसत्या नावाला भाव येत नाही.

भाव येतो तो गावाला आणि प्रवासाला. भेडाघाटच्या संगमरवरी खडकांच्या चित्रावर नाताळच्या शुभेच्छा लिहून जबलपूर छावणीतून गेलेलं मळकं कार्ड हे स्कॉटलंडमधल्या बर्फाच्या दहा सुंदर कार्डांपेक्षा जास्त मोलाचं. मुंबईच्या क्लिफ्टन अँड कंपनीचं किंवा मळवली-लोणावळ्याच्या रविवर्मा प्रेसचं नाव, म. वि. धुरंधरांनी मुंबईतली माणसं रंगवलेली कार्डं, सी पोस्ट ऑफिसचा शिक्का, सेन्सॉरची खूण, फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक, देवनागरीत किंवा मोडीत लिहिलेला नाताळचा मजकूर, यांतलं काहीही दिसलं की थांबा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय विकू नका. नुसती कोरी, न वापरलेली कार्डं छान दिसतात, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

लष्करी घरांसाठी एक सूचना. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या नाताळात, १९१४ मध्ये, राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डबी भेट दिली गेली आणि तीत कार्डही होतं. भारतीय सैनिकांसाठी डबीतल्या वस्तू थोड्या वेगळ्या होत्या. घरात अशी डबी आणि कार्ड दोन्ही असतील तर ती वेगवेगळी विकू नका. एकत्र राहण्यातच त्यांचं मोल आहे. पुढच्या काळातली '५६ एपीओ' या लष्करी टपाल पत्त्याची कार्डंही फेकू नका. आजोबा कुठल्या युनिटमध्ये होते हे शोधताना तीच उपयोगी पडतात.

नंतरच्या कार्डांबद्दल भ्रम नको. युनिसेफने १९४९ मध्ये एका सात वर्षांच्या चेक मुलीच्या चित्राने कार्डांची सुरुवात केली आणि पुढे ती भारतातही घरोघर आली. मुंबईत १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'क्राय'ची कार्डं, आर्चीजची कार्डं, शिवकाशीची चकचकीत छपाई, यांना आज आठवणींपलीकडे फारसा भाव नाही. पाकीट न चिकटवता, वर 'बुक पोस्ट' लिहून स्वस्तात पाठवलेली शुभेच्छापत्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी ती पाकिटं मात्र कार्डासोबतच ठेवावीत.

हे करू नका

- तिकीट कापून किंवा पाण्यात भिजवून सोडवू नका. तिकीट, शिक्का आणि पत्ता यांचं एकत्र अस्तित्व म्हणजेच कार्ड. एकदा वेगळं केलं की उरतो तो कागदाचा तुकडा आणि दोन-चार रुपयांचं तिकीट.
- लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही.
- फाटक्या कडेला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा पिवळा डाग कागदात उतरतो.
- पाठीवर पेनने नोंदी करू नका. लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने.
- गेटजवळची खव्याची जिलबी खात खात कार्डं चाळू नका. पाकाचा डाग जात नाही, आणि कसर तिथूनच सुरुवात करते.

ठेवण्यासाठी पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. दुकानात स्वस्त मिळणारी, वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटं टाळा. लोखंडी ट्रंक भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात ओल तिथूनच चढते. वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या सफाईत, कार्डं सावलीत पसरून कसर लागली आहे का ते बघा. उन्हात मात्र घालू नका.

विकायचं, द्यायचं की छापायचं?

विकणार असाल, तर संकेतस्थळावर मागितलेल्या किमती पाहून अंदाज बांधू नका. मागायला कुणी काहीही मागतो. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकलं गेलं' अशी वेगळी यादी पाहता येते, तिथली किंमत खरी. सगळा गठ्ठा एकरकमी घेतो म्हणणाऱ्याला आधी फक्त अर्धी कार्डं दाखवा. तो कोणत्या कार्डाकडे दुसऱ्यांदा वळून पाहतो, यावरून बरंच कळतं.

संस्थेला द्यायचं असेल तर जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आधी यादी आणि फोटो पाठवून विचारा. संस्था प्रत्येक गोष्ट घेतातच असं नाही. घेतली तर पोच घ्या, आणि देण्यापूर्वी दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा.

कार्डावरचं चित्र वापरून नवी कार्डं छापण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. इथे कॉपीराइटचा हिशेब करावा लागतो. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. धुरंधर १९४४ मध्ये वारले. त्यांचा हक्क २००४ अखेर संपला. साडीतली मरियम रंगवणारे गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका १९६७ मध्ये वारले. त्यांच्या चित्रावरचा हक्क २०२७ अखेरपर्यंत आहे. चित्रकाराचं नाव कुठेच नसेल तर प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. आणखी एक बाब लोक विसरतात : कार्ड तुमच्या मालकीचं असलं तरी त्यावरचा मजकूर लिहिणाऱ्याचा असतो. जुनी पत्रं पुस्तकात छापायची असतील तर लिहिणाऱ्याच्या वारसांना विचारा. समाजमाध्यमावर टाकताना हयात माणसांचे पत्ते झाकायला विसरू नका.

परदेशी पाठवण्यापूर्वी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ऐतिहासिक, साहित्यिक किंवा सौंदर्यमूल्य असलेला ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकतो. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. उल्लंघनाला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. प्रत्येक जुनं कार्ड पुरावस्तूच असतं असं नाही. पण 'नाही' हे ठरवण्याचा अधिकार पुरातत्त्व खात्याचा आहे, कुरिअरवाल्याचा नाही.

म्हणून स्वातंत्र्यापूर्वीची कार्डं मावशीला पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे फोटोंसह अर्ज करा आणि वस्तू पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मागा. जबलपूरकरांना आता यासाठी भोपाळ गाठायची गरज नाही. २०२० मध्ये सर्वेक्षणाचं स्वतंत्र जबलपूर मंडळ झालं आहे. मुंबईकरांसाठी मंडळाचं कार्यालय शीव किल्ल्यात आहे. घाई असेल तर स्कॅन पाठवा, त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. देशातल्या देशात घरची कार्डं घरी ठेवायला अडचण नाही. नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा अधिसूचित वर्गांना आहे. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला मात्र परवाना लागतो, तो विचारायला संकोच करू नका.

देशात टपालाने पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये कार्ड ठेवा आणि पाकीट तिकिटं लावून पेटीत टाकण्याऐवजी काउंटरवर देऊन पावती घ्या. जुनी 'रजिस्टर्ड पोस्ट' सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पत्ता असलेल्या व्यक्तीच्याच हाती पाकीट पडावं असं वाटत असेल, तर स्पीड पोस्ट करताना 'नोंदणी'ची जादा सेवा मागा. हरवलं तर मिळणारी भरपाई कार्डाच्या मोलाशी जुळेल असं गृहीत धरू नका. मौल्यवान कार्डाचा विमा उतरवा.

ऑनलाइन घेतलं आणि फसलात तर

विक्रेत्याने 'मूळ' असं लिहून पुनर्मुद्रण पाठवलं, तर तो विषय तिथेच सोडून देऊ नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा असला तरी जबलपुरातून ती चालवता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करून बघा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

पुरावा म्हणून पुढच्या गोष्टी जपा :

- विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात 'मूळ', 'अस्सल' किंवा वर्ष स्पष्ट दिसेल. पान नंतर बदललं जातं.
- पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ, कार्डाच्या दोन्ही बाजूंसह.
- जांभळ्या दिव्याखालचा फोटो आणि भिंगातून दिसणाऱ्या ठिपक्यांचा फोटो.
- पैसे दिल्याचा तपशील आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी त्याचा सारांश त्याला संदेशाने पाठवा.

हौशी व्यक्तीने घरातलं एखादं कार्ड विकलं असेल तर ग्राहक कायदा कदाचित लागू होणार नाही. अशा वेळी संकेतस्थळाची परतावा योजना आणि तिची मुदत पैसे देण्यापूर्वीच वाचलेली बरी. बऱ्याच ठिकाणी ही मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यामुळे पाकीट आलं त्याच दिवशी उघडा आणि कार्ड त्याच दिवशी तपासा.